मी घरीच होते

८ जानेवारी, रविवार

चि. काडी,

तुझा पत्ता तुझ्या जुन्या पेपरातल्या उपसंपादकबाईंकडून मिळवला. त्यांनी सहजासहजी दिला नाही. कशाला हवाय, असं तीनदा विचारलं. सख्ख्या भावाचा पत्ता मागायला कारण सांगावं लागतं, ही वेळ मीच आणली, तेव्हा त्यांच्यावर माझा राग नाही. पाकिटावरचं अक्षर मात्र आमच्या लाँड्रीच्या मालकीणबाईंचं आहे. माझं अक्षर ओळखून तू न फोडताच टाकून देशील अशी भीती होती.

तीन वर्षं मी तुला त्रास दिला नाही. आताही दिला नसता, पण ती मालिका सुरू झाली आहे. तुझ्याकडे टीव्ही आहे की नाही कोण जाणे, पण तू आता काम करतोस त्या छापखान्यात कोणीतरी बोललंच असेल. खुनाचा आळ आलेल्या पत्रकाराची गोष्ट. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात. सुरुवातीला पाटी येते की ही कथा संपूर्ण काल्पनिक आहे. हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात मरून पडलेला कोठीचा कारकून, त्याच्याकडून मुदत संपलेल्या औषधांची कागदपत्रं मिळवणारा पत्रकार, आणि कोर्टात त्या पत्रकाराच्या विरुद्ध साक्ष देणारी त्याची बहीण. एवढं सगळं एकाच माणसाला आपोआप सुचलं म्हणे.

तुझं काम करणारा नट चांगला भरलेला आहे. आईने तुला काडी म्हणायला सुरुवात केली ती तुझ्या अंगकाठीवरून, लोकांच्यात काड्या लावायचा धंदा तू नंतर पत्करलास. हा काडी नाही, ओंडका आहे. तुरुंगातसुद्धा त्याची दाढी नीट कातरलेली असते.

माझं काम करणारी बाई चाळिशीची आहे आणि सारखी आरशासमोर उभी असते. परवाच्या भागात औषधांचा पुरवठादार तिला गाडीत बसवतो आणि मांडीवर जाडजूड पाकीट ठेवतो. ती पाकीट उघडून बघते, हसते, आणि मग कोर्टात जाऊन सांगते, ‘भाऊ त्या दुपारी घरी आलाच नव्हता.’

काडी, तू माझ्याबद्दल काय वाटेल ते म्हण, पण पैसे मी घेतले नव्हते. हे तुला माहीत आहे. इथे कोणालाच माहीत नाही. काल खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली आणि माझ्या नव्या चपलांकडे बघत राहिली. चपला सेलमधल्या आहेत. तिला तसं सांगावंसं वाटलं, मग वाटलं, सांगितलं तर अजूनच संशय येईल.

माझी एकच विनंती आहे. तू त्या वाहिनीला दोन ओळी लिही की तुझ्या बहिणीने पैसे घेतले नव्हते. माझ्या सांगण्याला किंमत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याने सांगितलं तर ऐकतील.

तब्येतीला जप.

तुझी ताई

१९ जानेवारी, गुरुवार

चि. काडी,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरून चालले नव्हते, तरी पोस्टमन दिसला की हातातली इस्त्री उभी करते.

हो, आता इस्त्री. मालकीणबाईंनी मला काउंटरवरून काढून मागच्या खोलीत घातलं आहे. त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, ‘लोक शर्ट द्यायला येतात आणि पावती मिळाली तरी हलत नाहीत. तुझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात. मागे रांग लागते.’ मग मी मागे. तिथे वाफेने चष्म्यावर धुकं बसतं, पण निदान कोणी बघत नाही. बाहेर भिंतीवर टीव्ही आहे, दुपारी त्यावर कालचा भाग पुन्हा लागतो. मला चित्र दिसत नाही, आवाज मात्र सगळा ऐकू येतो. माझाच आवाज म्हणून कोणीतरी परकी बाई बोलत असते, आणि गिऱ्हाइकं म्हणत असतात, ‘काय बाई आहे!’

मालिका लिहिणारा माणूस मागच्या वर्षी माझ्याकडे येऊन गेला होता. हे तुला पहिल्या पत्रात लिहिलं नाही. स्वभावाने गरीब वाटला. दोन तास बसला, चहा प्याला, बाबांच्या फोटोकडे बघून बाबांची चौकशी केली. मी बरंच सांगितलं. तू शाळेत असताना मुख्याध्यापकांच्या विरुद्ध भिंतीवर हाताने लिहिलेलं वर्तमानपत्र चिकटवलं होतंस, तेही सांगितलं. शेवटी त्याने वही मिटली आणि विचारलं, ‘तुम्ही कोर्टात तसं का सांगितलंत?’

मी म्हटलं, मला आठवलं तसं सांगितलं.

त्याने मान हलवली आणि निघून गेला. आता कळतं, मी जागा रिकामी सोडली म्हणून त्याने तिथे पाकीट ठेवलं. त्याचंही पोट आहे. प्रेक्षकांना कारण लागतं.

आणखी एक सांगायचं होतं. मालिकेत बाबा नाहीत. त्या घरात बहीण एकटीच राहते. मोठा सोफा आहे, मासे पोहणारी काचेची पेटी आहे, बाबा नाहीत. पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर चार दिवस काही गोड लागेना.

कारण खरी गोष्ट तुला माहीत आहे. तू पोलिसांना पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतास. बारा वाजता त्या कारकुनाला चहाच्या टपरीवर भेटलास, कागदांवरून तुमचं वाजलं, टपरीवाल्याने ते ऐकलं. तिथून तू थेट माझ्याकडे आलास, तुझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलंस, जेवलास, झोपलास, चारला गेलास. कारकुनाला जिन्यात मारलं ते एक ते तीनच्या मध्ये. तू सांगितलंस की ताई घरी नव्हती, बाबा होते.

आणि मी सांगितलं की मी घरीच होते, आणि तू आला नाहीस.

तुला माहीत आहे की मी घरी नव्हते. मलाही माहीत आहे की तुला माहीत आहे. सुटल्यावर तू मला एकदा तरी विचारशील, असं वाटलं होतं. तू काहीच विचारलं नाहीस. खोलीतलं सामान बांधलंस आणि गेलास.

आज एवढंच लिहवतं.

ताई

२९ जानेवारी, रविवार

चि. काडी,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. ‘मालिका बघत नाही. वाहिनीला पत्र पाठवलं आहे, प्रत मालकीणबाईंच्या पत्त्यावर पाठवतो.’ खाली सही नाही, पण तुझा तो उलटा ‘ल’ मी हजारात ओळखेन.

प्रतही मिळाली. मालकीणबाईंनी मोठ्याने वाचली. ‘माझ्या बहिणीने माझ्या प्रकरणात कोणाकडूनही एक पैसा घेतलेला नाही, याची मला खात्री आहे.’ त्या म्हणाल्या, ‘बघ, भाऊ असावा तर असा.’ मी हो म्हटलं आणि मागच्या खोलीत जाऊन एका गिऱ्हाइकाच्या पँटीला तीनदा त्याच जागी घडी घातली.

मी मागितलं आणि तू दिलंस. बदल्यात काही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

आता दुसरं. बुधवारी कोर्टाचं समन्स आलं. पुरवठादाराचा खटला उभा राहिला आहे, हे तुला कळलंच असेल. त्याचा ड्रायव्हर, ज्याच्या कबुलीवरून तुला चौदा महिन्यांनी सोडलं, तो उलटला. पोलिसांनी मारून कबूल करून घेतलं, असं आता सांगतो. पुरवठादाराच्या वकिलाचं म्हणणं असं की खरा आरोपी आधीच हातात होता, तो सोडून दिला. खरा आरोपी म्हणजे तू. आणि त्याचा साक्षीदार मी.

वकील स्वतः लाँड्रीत आले होते. कोट द्यायच्या निमित्ताने. अगदी मऊ बोलले. म्हणाले, ‘ताई, तुम्हाला नवीन काही सांगायचं नाही. मागे शपथेवर जे सांगितलंत तेच पुन्हा सांगायचं. पाच मिनिटांचं काम.’ मग म्हणाले, ‘साक्ष बदलली तर कायदा फार वाईट आहे. मी तुमच्या काळजीने सांगतो.’

कोटाला डाग नव्हता. तरी पावती फाडून घेतली.

तेवीस फेब्रुवारी ही तारीख आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही, हे खरं ते लिहिते. ठरवलं आहे असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण मला पन्नासावं लागलं, आता स्वतःची स्वतःला ओळख आहे.

ताई

१२ फेब्रुवारी, रविवार

चि. काडी,

हे पत्र मी सकाळपासून तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

त्या दुपारी मी वृद्धाश्रमात होते.

तिथल्या बाईंना फोन करून वेळ घेतली होती. लाँड्रीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली, बाबांना जेवायला वाढलं, गॅसचा नळ खालून बंद केला, बाहेरून कुलूप लावलं आणि साडेबाराला निघाले. बस बदलून जावं लागतं. तिथे खोल्या बघितल्या, अर्ज घेतला, भरला. परत यायला पावणेपाच झाले.

तुझ्याशी बोलले नव्हते, कारण तू काय म्हणशील हे पाठ होतं. आईच्या शेवटच्या दिवसात तू तिला शब्द दिला होतास की बाबांना कुठे पाठवणार नाही. शब्द तू दिलास आणि सांभाळायचं मी. तू पंधरा दिवसांनी एकदा यायचास, बाबांच्या पलंगावर बसून त्यांना हसवायचास, माझ्या हातचं जेवायचास, ताणून द्यायचास आणि जाताना म्हणायचास, ‘ताई, तू आहेस म्हणून चाललंय.’ दार लावलं की ओलं अंथरूण माझं, भिंतीवर पुसलेले हात माझे, रात्रंदिवस आईला हाका मारणारे बाबाही माझेच. मी तुला हे कधी बोलून दाखवलं नाही. आपल्याकडे बोलून दाखवायची पद्धतच नाही, नुसतं भांडी आपटायची पद्धत आहे.

त्याच्या आधी दोन महिने बाबांनी गॅस चालू ठेवला होता, तुला आठवत असेल. मी कामावर होते. खालच्या बाईने बंबवाल्यांना बोलावलं. त्यानंतर सरकारी कचेरीतून दोघं येऊन गेले, ते मी तुला सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं की रुग्णाला पुन्हा एकटं कोंडून ठेवणार नाही, ठेवलं तर ते त्यांना ताब्यात घेऊन सरकारी दवाखान्याच्या मनोरुग्ण कक्षात टाकतील आणि माझ्यावर गुन्हा दाखल करतील. तो कक्ष मी बघितलेला आहे. तिथे बाबा आठ दिवस टिकले नसते.

तेव्हा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात दोन पोलीस उभे राहिले, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘परवा दुपारी तुम्ही घरी होतात का?’ मला वाटलं, खालच्या बाईने पुन्हा कळवलं. मी म्हटलं, ‘हो, मी घरीच होते. दिवसभर. रजा घेतली होती.’

‘कोणी आलं होतं?’

‘नाही.’

‘तुमचा भाऊ?’

‘नाही.’

मग त्यांनी सांगितलं की तुला पकडलं आहे, आणि कशासाठी.

तोंडातून गेलेला शब्द परत घेता येतो, काडी. लोक घेतात. पोलीस अजून बसलेले होते, त्यांचं पाणीसुद्धा संपलं नव्हतं. मी तेव्हाच म्हणू शकले असते की थांबा, माझं चुकलं. मी पलंगाकडे बघितलं आणि गप्प बसले. मनात म्हटलं, हा हुशार आहे, पेपरवाला आहे, याचे वकील आहेत, चार दिवसांत सुटेल. बाबांना कोण आहे?

आता याच्यापुढचं.

त्या दिवशी मी वृद्धाश्रमातून आले तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. मला म्हणाले, ‘काडी येऊन गेला. जेवला. झोपला. बाहेरून कुलूप का, म्हणून चिडला होता. मी म्हटलं, ताईला रागवू नकोस, ती दमते.’

मी म्हटलं, ‘बाबा, तो मागच्या आठवड्यात आला होता.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘बरं. मागच्या आठवड्यात.’

त्यांना सारखं दुरुस्त करायची मला सवय झाली होती. आई आली होती म्हणायचे, मी म्हणायचे, आई नाही बाबा. ते म्हणायचे, बरं. तशातलंच हे वाटलं. पण तिसऱ्या दिवशी पोलीस अजून गेले नव्हते, तेवढ्यात त्यांच्यातला थोरला पलंगाजवळ गेला आणि वाकून म्हणाला, ‘आजोबा, तुमचा मुलगा आला होता का?’ बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाले, ‘मागच्या आठवड्यात.’

एवढं एक वाक्य त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मला बरं वाटावं म्हणून.

कोर्टात माझी साक्ष झाली ती आठ महिन्यांनी. तोवर बाबा वृद्धाश्रमात जाऊनही चार महिने झाले होते. म्हणजे ज्याच्यासाठी खोटं बोलले ते कारणही उरलं नव्हतं. सरकारी वकील म्हणाले, जबाबातलं अक्षर बदललं तर आत जाल. मी घाबरले, हे एक. दुसरं असं, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, की पिंजऱ्यात तुला बघून माझ्या मनात आलं, आता कळेल कोंडून राहणं म्हणजे काय. हे क्षणभरच आलं. पण तेव्हाच शपथ चालू होती.

बाबांच्या अंत्यविधीला तू दोन पोलिसांच्या मध्ये उभा होतास. तीन तासांची परवानगी होती, तू दीड तासातच निघालास. तुला वाटलं असेल, ताईला मी खुनी वाटतो. मला तू कधीच खुनी वाटला नाहीस. एक दिवसही नाही. तेवढं नक्की समज.

क्षमा मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

ताई

२३ फेब्रुवारी, गुरुवार

चि. काडी,

आत्ताच कोर्टातून आले. पाय सुजले आहेत. सात तास बाकावर आणि अर्धा तास पिंजऱ्यात.

जाण्याआधी मी सोमवारी वृद्धाश्रमात जाऊन आले. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा. तिथल्या बाई आता थकल्या आहेत, पण मला ओळखलं. भेटीला येणाऱ्यांचं रजिस्टर त्या जपून ठेवतात. पेटीतून चार वर्षांपूर्वीचं काढलं, फडक्याने पुसलं. ती तारीख, माझी सही, आत यायची वेळ एक वाजून वीस मिनिटं, बाहेर तीन वाजून पाच. त्यांनी रजिस्टरच माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, परत आणून द्या, याच्यात मेलेल्यांची माणसं आहेत.

पुरवठादार पुढच्या बाकावर होता. मालिकेतल्यासारखा नाही. बुटका आहे, आणि सारखा खोकतो.

त्याच्या वकिलांनी माझी मागची साक्ष वाचून दाखवली आणि विचारलं, हे तुमचंच म्हणणं ना? मी म्हटलं, म्हणणं माझंच आहे, पण खोटं आहे. त्या दुपारी मी घरी नव्हते.

खोली एकदम शांत वगैरे झाली नाही. मागे कोणीतरी फायली बांधत होतं, ते बांधतच राहिलं. न्यायाधीशबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. त्यांनी मला सांगितलं की यापुढे जे बोलाल त्यावरून तुमच्यावर कारवाई होऊ शकते, बोलायची सक्ती नाही, वकील हवा का. मी म्हटलं, आता बोलूनच टाकते, पुन्हा एवढं धैर्य गोळा होणार नाही.

रजिस्टर दिलं. बाबांचं सांगितलं, सरकारी कचेरीचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं. पुरवठादाराचे वकील मऊपणा सोडून उभे राहिले.

‘म्हणजे तुम्ही शपथेवर खोटं बोललात.’

‘हो.’

‘मग आज खरं बोलताय कशावरून?’

मी म्हटलं, ‘पोलिसांना पहिल्यांदा खोटं सांगितलं तेव्हा मला वडिलांना वाचवायचं होतं. आता माझ्या घरात कोणीच नाही.’

‘भावावर उपकार करायचे असतील.’

‘भाऊ माझ्याशी बोलत नाही,’ मी म्हटलं. ‘उपकार घेणाऱ्यातला तो नाही.’

त्यांनी मग शेवटचं विचारलं, आणि तिथे मी अडकले. म्हणाले, तुम्ही घरी नव्हतात हे मान्य करू. पण भाऊ घरी होता हे तुम्हाला काय माहीत? स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्याचं बोलणं सोडून काही आहे?

काडी, मागच्या पत्रात मी तुला लिहिलं की बाबांचं बोलणं मला नेहमीच्या भ्रमातलं वाटलं. ते पूर्ण खरं नव्हतं. आज पिंजऱ्यात उभी राहिले आणि ते आपोआप तोंडातून बाहेर आलं. मी सांगितलं की त्या संध्याकाळी मोरीत एक ताट धुऊन भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. बाबांचं ताट पलंगाजवळ तसंच उष्टं पडलेलं होतं. बाबा कधी ताट धूत नसत. भिंतीला टेकवून ठेवायची सवय आमच्या घरात फक्त भावाला आहे, आई त्याला त्यावरून रागवायची, पाणी भिंतीत मुरतं म्हणून. मी ते ताट उचललं, पुसलं आणि फडताळात ठेवलं. मला तेव्हाच कळलं होतं की तो येऊन गेला. पोलीस तिसऱ्या दिवशी आले. म्हणजे मी ‘नाही’ म्हटलं ते माहीत असून म्हटलं.

टंकलेखक हे सगळं टाइप करत होता. मध्येच त्याने विचारलं, ‘ताट कशाला टेकवलं म्हणालात?’ मी पुन्हा सांगितलं. त्याने टाइप केलं.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, वडील नक्की काय म्हणाले होते, शब्द आठवतात का? मी सांगितले. जेवला, झोपला, कुलूप का म्हणून चिडला. तेही कागदावर गेलं. चार वर्षांनी का होईना, बाबांचं म्हणणं कोणीतरी लिहून घेतलं.

बाहेर आले तर मालकीणबाई रस्त्यावर रिक्षा थांबवून जिन्यापाशी उभ्या होत्या. दुकान बंद करून आल्या होत्या, दिवसाढवळ्या. घरी सोडलं आणि म्हणाल्या, उद्या ये, पण उशिरा आलीस तरी चालेल.

ताई

१९ मार्च, रविवार

चि. काडी,

बरंच झालं आहे, थोडक्यात लिहिते.

पुरवठादाराच्या वकिलांनी तुझं नाव घ्यायचं सोडलं आहे. सरकारी वकील सांगत होते की ड्रायव्हरच्या गाडीत सापडलेला मृताचा फोन आणि रक्त एवढ्यावर उरलेला खटला उभा राहील. निकालाला वेळ आहे. तुझ्यामागचं लचांड मात्र गेलं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. हेच ते सरकारी वकील, ज्यांनी मला मागे आत जाल म्हणून सांगितलं होतं. मी आठवण करून दिली नाही. त्यांना बहुतेक आठवत होती.

मालिकेच्या माणसाचा फोन आला. म्हणाला, पाकिटाचं आम्हाला फार वाईट वाटतं, दुसऱ्या पर्वात सगळं दुरुस्त करू, वृद्धाश्रम आणि वडील फार ताकदीचं आहे, वडिलांच्या कामाला एक ज्येष्ठ नट तयार आहेत. मी त्याला म्हटलं, बाबा, माझ्या बाबांना राहू दे. तो म्हणाला, नाव बदलू. मी फोन ठेवला. कदाचित करतीलही. मी बघणार नाही.

मालकीणबाईंनी मला पुन्हा काउंटरवर घेतलं. मी विचारलं, रांगेचं काय? म्हणाल्या, लोक बघायला येणारच असतील तर निदान चार कपडे घेऊन येतील. खालची बाई स्वतःचा पडदा घेऊन आली होती. पावती घेतली, दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, ‘गॅसच्या वेळी मी घाबरून बंबवाल्यांना बोलावलं होतं. कचेरीत मी नव्हतं कळवलं.’ मी म्हटलं, माहीत आहे. मला माहीत नव्हतं.

सहा तारखेला नोटीस आली. खोटी साक्ष दिल्याबद्दल कारवाई का करू नये. दोन पानं आहेत, अर्धी मला कळली. सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते एवढं कळलं. मी घाबरले असं नाही. जुनं दुखणं असतं, डॉक्टर शेवटी नाव सांगतात, तसं काहीसं वाटलं. वकील करायचा नाही असं ठरवलं होतं. गेलं तर गेलं.

काल दुपारी दुकानात एक तरुण बाई आल्या. हातात कपडे नव्हते. म्हणाल्या, मी वकील आहे, तुमच्या खटल्याचं काम माझ्याकडे आहे, या तीन ठिकाणी सही करा. मी म्हटलं, मी तर कोणाला सांगितलेलं नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या भावाने सांगितलं आहे. मागे त्यांच्या खटल्यात मी मोठ्या वकिलांच्या हाताखाली होते. सगळी पत्रं त्यांनी मला दाखवली, तुमची हरकत नसेल तर कोर्टात वापरू.

मालकीणबाईंनी पाणी आणून दिलं.

सगळी पत्रं. म्हणजे तू फोडलीस, वाचलीस, आणि ठेवलीस.

मी त्यांना विचारलं, आणखी काही म्हणाला का? निरोप वगैरे? त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. म्हणाल्या, ‘हो. म्हणाले, ताईला सांगा, विचारलं तेवढंच बोल. प्रत्येक वेळी थोडं थोडं नवीन सांगत बसू नकोस.’

मला हसू आलं, काडी. तीन-चार वर्षांत पहिल्यांदा असं की थांबवता येईना. काउंटरवर एक गिऱ्हाईक शालीची पावती घेऊन उभं होतं, ते बिचारं घाबरलं.

सह्या केल्या. तिन्ही ठिकाणी. बाईंनी माझ्यासाठी तारीख एका चिठ्ठीवर लिहून दिली, आणि तीच तारीख दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. ही कोणाला, असं मी विचारलं नाही.

तू येऊ नकोस, प्रवास लांबचा आहे, असं लिहिणार होते. लिहीत नाही. अकरा एप्रिल, मंगळवार, सकाळी साडेदहा, दुसरा मजला. लिफ्ट बहुतेक बंद असते, जिना मागच्या बाजूने आहे.

ताई